मुर्गी, कोंबरी आणि लाल शाई

पाचवीत असताना मी मराठीच्या वहीत ‘माझे घर’ हा निबंध लिहिला होता. बीड जिल्ह्यातल्या आमच्या घरी दादीने पाळलेल्या कोंबड्या होत्या. मी लिहिलं, ‘आमच्या घरी सहा मुर्ग्या आहेत.’ गुरुजींनी ‘मुर्ग्या’वर लाल रेघ मारली, वर ‘कोंबड्या’ लिहिलं आणि वही परत देताना म्हणाले, ‘हा तुमच्या लोकांचा शब्द आहे रे, मराठी नाही.’ वर्ग हसला. मीही हसलो. पण त्यानंतर दादीच्या कोंबड्या माझ्या कुठल्याच निबंधात आल्या नाहीत.

गुरुजी वाईट नव्हते. त्यांनीच मला शुद्ध मराठीची गोडी लावली. पण ‘तुमच्या लोकांचा’ हे शब्द मी खरे मानले. मुर्गी मुसलमानांची, कोंबडी हिंदूंची, अशी वाटणी डोक्यात पक्की झाली.

बी.एड. झाल्यावर रायगडच्या किनाऱ्यावर एका उर्दू शाळेत नोकरी लागली. पहिल्याच वर्षी वर्गात पाळीव पक्ष्यांची नावं लिहायला सांगितली. एका मुलीने उर्दू लिपीत सुरेख अक्षरात लिहिलं, ‘कोंबरी’. मी लाल रेघ मारली. ‘बेटा, ये उर्दू नहीं है. मुर्गी लिखो.’ ती हळूच म्हणाली, ‘सर, मेरी अम्मी तो कोंबरीच बोलती.’

त्याच आठवड्यात अंडी मागायला घरमालकीण खालांकडे गेलो, तर त्या म्हणाल्या की कोंबरी खुडूक बसली आहे, अंडी नाहीत. पाच वक्त नमाज पढणाऱ्या, रमजानचा एकही रोजा न चुकवणाऱ्या खाला. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या कोकणी बोलली जाते आणि त्या घरात ‘मुर्गी’ हा पाहुणा शब्द आहे. शेजारचे आगरी आणि कोळी लोकही ‘ड’चा ‘र’ करून कोंबरीच म्हणतात. तेव्हा लक्षात आलं की गुरुजींनी माझ्याशी जे केलं, तेच मी त्या मुलीशी केलं होतं.

मग मी विचारत, वाचत गेलो. पक्षी एकच, पण नाव मुलखागणिक बदलतं. मालवणकडे आणि गोव्यात कोंबड्याला ‘कोंबो’ म्हणतात. देशावर कोंबडी, आणि अंड्यावर न आलेली असेल तर तलंग. घरची कोंबडी कोकणात ‘गावठी’, तर घाट चढला की बहुतेक ठिकाणी ‘गावरान’.

महाराष्ट्राबाहेर पाहिलं तर ती धर्माची वाटणी पार कोसळते. बंगालमध्ये हिंदू असो की मुसलमान, शब्द ‘मुरगी’. गुजरातमध्ये सगळ्यांची ‘मरघी’. उलट लाहोरचा पंजाबी मुसलमान आजही ‘कुक्कड’ म्हणतो, सिंधी ‘कुकड’ म्हणतो, काश्मिरी ‘कोकुर’ म्हणतो. हे शब्द संस्कृतातल्या ‘कुक्कुट’च्या गोतातले. म्हणजे आपण ज्याला ‘मुसलमानी’ समजतो तो शब्द कोलकात्याच्या हिंदूच्या तोंडी, आणि ज्याला ‘हिंदू’ समजावं तो लाहोरच्या मुसलमानाच्या. केरळचे मुसलमान तर ना मुर्गी म्हणतात ना कुक्कड, ते शेजाऱ्यांसारखंच ‘कोळी’ म्हणतात.

मुर्गी हा शब्द इस्लामबरोबर आला, असं काही जण मोठ्या अभिमानाने सांगतात. त्यांनाही माझं म्हणणं आहे की थोडं थांबा. अरबीत कोंबडीला ‘दजाज’ आणि कोंबड्याला ‘दीक’ म्हणतात. ‘मुर्ग’ फार्सी आहे आणि त्याचा मूळ अर्थ नुसता ‘पक्षी’. म्हणून पाण्यातला पक्षी मुर्गाबी आणि उंटासारखा पक्षी शुतुरमुर्ग. हाच मुर्ग मराठीत केव्हाच येऊन बसला आहे. ‘शहामृग’ शिकवताना मुलं विचारतात, ‘सर, पक्ष्याच्या नावात हरीण कसं आलं?’ हरीण नाहीच ते. फार्सी ‘मुर्ग’चा मराठी जिभेवर ‘मृग’ झाला. तो शब्द पाठ्यपुस्तकात छापलेला असतो, त्यावर कोणी लाल रेघ मारत नाही.

बीडमध्ये मुर्गी म्हणणारे बहुतेक मुसलमान आहेत, हे मी नाकारत नाही. पण ते दखनी बोलतात म्हणून मुर्गी म्हणतात, नमाज पढतात म्हणून नाही. आणि दखनीही इथल्याच मातीत वाढली. उर्दूत अंडी द्यायची थांबलेली मुर्गी ‘कुडक’ होते, मराठीत कोंबडी ‘खुडूक’ होते. पहाटे मुर्गा बांग देतो, तसा कोंबडाही आरवतो आणि बांगही देतो. शिक्षा म्हणून कान धरून बसवणं उर्दूत ‘मुर्गा बनाना’, मराठीत ‘कोंबडा करणं’. दोन्ही मी स्वतः झालेलो आहे. गुडघे सारखेच दुखतात.

यावर काही सहकारी विचारतात, ‘मग मुलांनी परीक्षेत काहीही लिहायचं का?’ नाही. मी मराठी शिकवतो, प्रमाण मराठी यायलाच हवी. आमच्या मुलांना अर्ज लिहायचे आहेत, मुलाखती द्यायच्या आहेत, स्पर्धा परीक्षांना बसायचं आहे. प्रमाण भाषा आली नाही तर नुकसान त्यांचंच. पण ‘कोंबडी’ शिकवण्यासाठी ‘कोंबरी’ किंवा ‘मुर्गी’ चूक ठरवावी लागत नाही. ‘घरी तुम्ही असं म्हणता, मराठीच्या पेपरात असं लिहितात, उर्दूच्या पेपरात असं,’ एवढं सांगितलं की मूल तीन शब्द शिकतं. रेघ मारली की एक शब्द शिकतं आणि एक लपवतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात घरच्या भाषेला एवढं महत्त्व दिलं आहे, पण ते वहीपर्यंत पोहोचवणं आपल्या हातात आहे.

आणि शुद्धतेचीच काळजी असेल तर जरा बाजारात फिरा. प्रत्येक नाक्यावर ‘चिकन सेंटर’ आहे. ब्रॉयलरची आपण ‘बॉयलर’ केली आणि सगळ्या धर्मांनी ती एकमताने स्वीकारली. ‘चिकन’ म्हणणाऱ्या मुलाला कोणी ‘तुमच्या लोकांचा शब्द’ असं म्हणत नाही. संशय फक्त घरातून आलेल्या शब्दावर येतो.

आता मी दरवर्षी तो धडा फळ्यावर रकाने पाडून घेतो. प्रत्येकाने आपल्या घरचा शब्द सांगायचा. यंदा कलबुर्गीकडून आलेला एक मुलगा म्हणाला, ‘आमच्या गावी शेजारी कोळी म्हणतात.’ किनाऱ्यावरची पोरं ती! अर्धा वर्ग हसून लोटपोट, कारण त्यांचा कोळी होडीतून मासे आणतो. तो मुलगा गोंधळला. मग मी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि कन्नडमध्ये कोंबडीला तेच म्हणतात हे त्यालाच वर्गाला सांगायला लावलं. त्याने सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास मुलं एकमेकांना विचारत होती, तुझ्याकडे अंड्याला काय म्हणतात, पिल्लाला काय म्हणतात.

त्या दिवशी वह्या तपासताना लाल पेन फक्त शुद्धलेखनासाठी उघडलं. शब्द सगळे तसेच ठेवले.