रुळायचं कुणी, आणि कुणाच्या रुळावर?

कॉलेजात गेलेल्या आमच्या पोरापोरींना हल्ली जो तो एकच सल्ला देतोय : "रुळशील हळूहळू." प्राध्यापक सांगतो, रेक्टर सांगतो, समाजातला वर चढलेला काका सांगतो. जयंतीच्या स्टेजवरचा पुढारी तर माईक हातात आला की सुरूच – साहेबांनी अठरा अठरा तास अभ्यास केला, आणि तुम्ही मोबाईल बघत बसता! मला या सल्लेवाल्यांशी भांडायचंय. मी दहावी पास. गोदीत कंत्राटावर माल उचलतो. कविता लिहितो, तो गुन्हा वेगळा. विद्यापीठाच्या गेटपर्यंत मी फक्त १४ जानेवारीला गेलोय, तेही गर्दीत. पण माझी धाकटी बहीण औरंगाबादला, म्हणजे २०२३ पासून सरकारी पाटीवरच्या छत्रपती संभाजीनगरला, लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या रुळण्याचा हिशेब माझ्या हजेरीत पडतो. म्हणून बोलतोय.

"घरापासून दूर राहायची सवय करा" असं तिला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं. मी विचारतो, कुठलं घर? आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या माथ्यावर, धारूर तालुक्यात. दसरा झाला की गाव ट्रॅक्टरात बसून निघून जातं. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत नवराबायको मिळून एक 'कोयता'. माणूस नाही मोजत आमच्याकडं, कोयता मोजतात. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकापर्यंत. फडाशेजारी पाचटाची कोप, तेच घर. पाडव्याच्या आगेमागे परत. ज्या पोरीचे आईबाप सहा महिने स्वतःच घरापासून दूर असतात, तिला घराची आठवण कशी विसरायची ते शिकवणारे तुम्ही कोण? फॉर्मवर 'कायमचा पत्ता' असा रकाना असतो. ज्यांची घरं जागेवर राहतात त्यांनी तो छापलाय. ती फोन लावते तेव्हा आई उसात असते, फोन चार्ज केलेला नसतो, आणि ती मला लावते. रात्रपाळीत मी बोटीच्या दोरखंडाशेजारी बसून तिचं ऐकतो.

आता पैशाचं. रुळण्याचं सगळं तत्त्वज्ञान पैशापाशी येऊन फुटतं, म्हणून सल्लेवाले पैशाचं नाव काढत नाहीत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट नावाची परीक्षा आहे. ती इंग्रजीतच होते. अर्जाची फी आमच्यासाठी सवलत देऊन ३५०० रुपये. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीचा करार झाला, ३४ टक्के वाढ मिळाली, दर टनाला साधारण ३६६ वर आला. म्हणजे आमच्या मायबापानं नऊ-दहा टन ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या, तेव्हा पोरगी इंग्रजीतल्या एका परीक्षेला नुसती बसणार. बसली नाही ती. राज्याची सीईटी मराठीत देता येते, ती दिली.

सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे, साहेबांच्याच नावानं. मुंबई-पुण्याला वर्षाचे ६०,००० रुपये, औरंगाबादसारख्या महापालिकेच्या शहरात ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. ५१,००० ला बारानं भागा. महिन्याला ४२५० रुपये आले. यात कॉट बेसिसची खोली, मेस, पुस्तकं, झेरॉक्स, एस.टी. हेही हप्त्यानं, आणि हप्ते वेळेवर मिळावेत म्हणून पोरांना मोर्चे काढावे लागतात. मेसवाला मात्र एक तारखेला दारात उभा. अठरा तास अभ्यास करायला माणसाला अठरा तास बसायची जागा लागते, हे स्टेजवरून का सांगत नाहीत?

आणि ते साहेबांचं उदाहरण काठीसारखं आमच्या पोरांवर उगारता ना, तर ते पुरं सांगा. १९१६ साली बाबासाहेब लंडनला ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी दाखल झाले. १९१७ ला अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. का? रुळले नव्हते म्हणून? बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून! जगातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांत बसलेला तो माणूस पैशानं अडवला. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हात दिला, नवल भथेना या पारशी मित्रानं कर्ज दिलं, तेव्हा १९२० ला परत लंडन. १९२२ ला बॅरिस्टर. १९२३ ला मुंबईत आले तर वकिलीची सनद काढायला खिशात पैसे नव्हते, तिथंही भथेनाच धावला. असा हिशेब आहे तो. अठरा तासांचा पोस्टर छापणाऱ्यांनी या उधारीचाही एक पोस्टर छापावा.

मधल्या काळात, १९१७ लाच, बडोद्यात नोकरीला गेले तेव्हा राहायला खोली मिळेना. पारशी सरायीत नाव बदलून राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. शंभर वर्षं होऊन गेली. माझ्या बहिणीनं शहरात खोल्या बघितल्या. एका घरमालकिणीनं गोड आवाजात विचारलं, "तुमचं पूर्ण नाव?" मग गाव. मग "जेवणात काय काय चालतं?" मग खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघाली. काठ्या नव्हत्या, एवढीच प्रगती. ती आता चार पोरींसोबत अशा वस्तीत राहते जिथं आडनाव विचारायची गरज पडत नाही, आणि तिथून रोज दोन रिक्षा बदलून वर्गात जाते. वर्गात तिला समानतेचं कलम शिकवतात.

पण खरी गंमत वर्गातच आहे दोस्तांनो. कराराचा कायदा चालू होता, १८७२ चा. संमती मोकळी पाहिजे, जबरदस्तीची नको. एका बाजूचा दुसऱ्याच्या इच्छेवर वरचष्मा असेल आणि त्यानं त्याचा गैरफायदा घेतला तर तो करार मोडता येतो. उदाहरणं चालली होती म्हातारा सावकार, आजारी माणूस अशी. माझ्या बहिणीनं हात वर केला आणि विचारलं, "सर, उचल घेतलेल्या कोयत्याचा करार?" वर्ग हसला. कोयता म्हटल्यावर त्यांना हत्यार वाटलं. सरांनी "तो वेगळा विषय आहे" म्हणून पान उलटलं.

वेगळा कसा? वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. १९८२ च्या आशियाड खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं ही सक्तीची मजुरीच, घटनेच्या २३ व्या कलमाचा भंग. हे तिनं मला फोनवर वाचून दाखवलं, आणि मी ते गोदीत चार जणांना सांगितलं. फडातलं हे सगळं तिला पुस्तकाआधी माहीत होतं. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं, त्या बाया तिच्या मावश्या-चुलत्या. असली पोरगी वर्गात रुळली, गप्प बसली, हसणाऱ्यांबरोबर हसायला लागली, तर कायद्याचं नुकसान आहे, तिचं नाही. म्हणून मी तिला सांगितलं, रुळू नकोस बाई. खुपत राहा.

याची किंमत काय पडते तेही ठाऊक आहे. सोमनाथ सूर्यवंशी. दगड फोडणाऱ्या वडार समाजाचा, वय ३५, लॉचा विद्यार्थी. घरचे पुण्याकडं, हा परीक्षेसाठी परभणीत. आमच्या बीडला लागूनच परभणी. १० डिसेंबर २०२४ ला तिथं बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली, दुसऱ्या दिवशी बंद, मग धरपकड, आणि १५ डिसेंबरला सोमनाथ कोठडीत मेला. विधानसभेत आधी त्याच्या श्वासाच्या आजाराची गोष्ट सांगण्यात आली. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. पोलिसांवर गुन्हा नोंदवा हे सांगायला उच्च न्यायालय लागलं, सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही जुलै २०२५ मध्ये हरलं. कायदा शिकणाऱ्याच्या मरणाचा साधा गुन्हा नोंदवून घ्यायला त्याच्या आईला दोन कोर्टं चढावी लागली. ज्यांना वाटतं की काळा कोट अंगावर आला की आपण सुटलो, त्यांनी त्या आईकडं बघावं.

सुटलेले आहेत आपल्यातही. वकील झाले, फ्लॅट घेतला, पाटीवरचं आडनाव बदललं, जयंतीला वर्गणी देतात आणि ॲट्रॉसिटीची केस घेऊन गेलं की "तडजोड करा" म्हणतात. त्यांना शिव्या देण्यात मी वेळ घालवत नाही. ते पक्के रुळले. मला पुढच्यांची काळजी आहे. सनदेचंच घ्या. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या वकिलाला नोंदणी फी १२५ रुपये लिहिलेली, बाकीच्यांना ७५०. राज्याराज्यांच्या बार कौन्सिली १५,००० पासून ४२,००० पर्यंत उकळत होत्या. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं हे बेकायदा ठरवलं. म्हणजे इतकी वर्षं कायदेवाल्यांनीच कायदा मोडून आमच्या पोरांना दारात थांबवलं होतं! भथेना सगळ्यांना मिळत नाही.

म्हणून डीजेच्या भिंती आणि कटाउट कमी करा, असं मी आमच्या चाळीतल्या मंडळाला तोंडावर सांगितलं. दोघं उठून गेले. सहा जण राहिले. त्या सहा जणांनी यंदाच्या वर्गणीतून औरंगाबादच्या एका खोलीचं डिपॉझिट भरायचं ठरवलंय, तीन पोरी राहतील एवढ्या खोलीचं. सरकारनं स्वाधारचा पैसा सत्र सुरू व्हायच्या आधी खात्यात टाकावा ही मागणी आहेच आणि तिच्यासाठी रस्त्यावर यावंच लागेल, पण जूनमध्ये मेसवाला मोर्चाची वाट बघत नाही. बीड, जालना, परभणीकडची कुणी लॉला निघालेली पोरगी तुमच्या ओळखीत असेल, तिचे आईबाप कारखान्यावर असतील, तर तिचं नाव या अंकाच्या संपादकाकडं कळवा. पूर्ण नाव, जेवणात काय चालतं, असलं काही विचारणार नाही.