डोळ्यांतलें विमानाचें छत

ज्यांच्या घरांत सत्तरी ओलांडलेली आजी आहे, त्यांस मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अपरिचित नसेल. पूर्वीं ती झाली म्हणजे नाकावर अतिशय जाड भिंगांचा चष्मा चढे, आणि त्यांतून जिन्याच्या पायऱ्या भलत्याच ठिकाणीं दिसत. हा चष्मा घालविला तो एका प्लॅस्टिकनें.

त्याचें शास्त्रीय नांव पॉलिमेथिल मेथाक्रिलेट. बाजारांत त्यास अॅक्रिलिक म्हणतात. १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत इंग्लंडांत व जर्मनींत तें जवळजवळ एकाच सुमारास तयार झालें. कृति मोठी नवलाची. अॅसिटोन व हायड्रोजन सायनाइड (हें तर जालीम विष!) यांच्या संयोगानें होणाऱ्या द्रव्यावर गंधकाम्लाची व मग मेथिल अल्कोहोलाची क्रिया केली म्हणजे एक उग्र वासाचा पातळ द्रव मिळतो. त्यांत पेरॉक्साइड जातीचें द्रव्य किंचित् घालून तो दोन तावदानांमध्यें ओततात व हळूहळू ऊन करितात. मग सुटे रेणु एकमेकांस जोडून लांबच लांब सांखळ्या बनतात आणि द्रवाचा घट्ट पत्रा होतो. येथें घाई उपयोगी नाहीं. क्रियेंतूनच पुष्कळ उष्णता निघते व ताप फार वाढला तर पत्र्यांत बुडबुडे राहतात. मूळ द्रव्य विषारी असलें तरी तयार पत्रा निरुपद्रवी असतो.

त्याचें वजन काचेच्या निम्म्याहून कमी, व शेंकडा ९२ प्रकाश त्यांतून पार जातो. आजोबांच्या कवळीची गुलाबी हिरडीहि बहुधा ह्याच पदार्थाची असते. सुमारें १०० अंश सेंटिग्रेडला तो मऊ पडूं लागतो, म्हणून कवळी कढत पाण्यांत घालूं नये. अॅक्रिलिकचा पत्रा राखेनें घासूं नये, ओरखडे पडतात. स्पिरिटनें किंवा अॅसिटोननें पुसूं नये, बारीक तडे जातात. साबणाचें पाणी व मऊ फडकें पुरे.

सहजासहजीं फुटत नाहीं म्हणून हा पत्रा लढाऊ विमानांच्या छतांस लावीत. १९४० च्या हवाई युद्धांत गोळ्यांनीं हीं छतें फुटून तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले. लंडनचे नेत्रवैद्य हॅरल्ड रिडले यांस असें दिसून आलें कीं, हे तुकडे आंत राहिले तरी डोळा फारसा चिडत नाहीं. मग मोतीबिंदु काढल्यावर त्या जागीं ह्याच द्रव्याचें भिंग कां बसवूं नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं सेंट थॉमस रुग्णालयांत त्यांनीं एका स्त्रीवर ती शस्त्रक्रिया केली. भिंग जरुरीपेक्षां फार तीव्र निघालें, तेव्हां चष्मा कांहीं चुकला नाहीं. समव्यवसायी तर उघड विरोधांत गेले. डोळ्यांतली परकी वस्तु काढावयाची कीं उलट घालावयाची, असा त्यांचा सवाल, आणि तो अगदींच गैर होता असें म्हणवत नाहीं. मान्यता मिळण्यास कित्येक वर्षें लागलीं.

मदुरेच्या ऑरोलॅबनें १९९२ पासून हीं भिंगें स्वस्तांत देशांतच बनविलीं. आतां त्याच कुळांतलीं मऊ, घडी घालून लहानशा छेदांतून आंत सरकवितां येणारीं भिंगेंहि निघालीं आहेत. रिडले यांस २००० सालीं ‘सर’ ही पदवी मिळाली. तत्पूर्वींच, म्हातारपणीं त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत असें भिंग बसविण्यांत आलें होतें. रुग्णालय तेंच, सेंट थॉमस.