जुन्या गाडीची काच आणि मिस्त्रीचा नकार

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीची वयोमर्यादा 20 वर्षांची, म्हणून ऑक्टोबर 2023 अखेर ती रस्त्यावरून गेली. तेव्हा आठवणींचे बरेच लेख आले. या गाड्या इतकी वर्षे चालत्या ठेवणाऱ्या मिस्त्रींच्या वाट्याला मात्र त्यातल्या थोड्याच ओळी आल्या.

आज फियाट, पद्मिनी, अॅम्बेसेडर हौशी मालकांच्या दारात उभ्या आहेत. इंजिनाचे सामान शोधून मिळते, खरी अडचण काचेची होते. मग मालक गॅरेजवर येतो आणि म्हणतो, ‘घराच्या खिडकीची काच कापून बसवा, दिसायला सारखीच आहे.’ माझे म्हणणे एवढेच की या मागणीला मिस्त्रीने नकार द्यावा आणि मालकाने तो नकार मानावा.

कारण सरळ आहे. साधी काच फुटली की तिचे सुरीसारखे लांब तुकडे होतात. गाडीत ते थेट मानेपर्यंत, डोळ्यांपर्यंत येतात. टफन काच 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केलेली असते, ती फुटली तरी बोथट दाणे होतात. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, फुटलेले तुकडे त्याला चिकटून राहतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 100 गाडीला सुरक्षा काचच मागतो. पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत यावा, हेही त्यातच आहे.

‘मग टफन काच आणा आणि कापून बसवा,’ असे काही जण सांगतात. ते जमत नाही. टफन काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, हिरकणी लावताच तिचा चुरा होतो. आधी फर्म्याप्रमाणे कापायची, भोके पाडायची, कडा घासायच्या आणि मग भट्टीत पाठवायची. एका गाडीच्या एका दारासाठी भट्टीवाला सहसा तयार होत नाही. सपाट लॅमिनेटेड काच मात्र कसबी कारागीर दोन्ही बाजूंनी रेघ मारून, मधला पडदा पात्याने कापून वेगळी करू शकतो. बहुतेक जुन्या गाड्यांच्या दारांच्या काचा सपाट असतात, त्यामुळे हा मार्ग खुला आहे. फक्त जाडी जुन्या चॅनेलमध्ये बसते का, ते आधी पाहावे. पुढची काच वक्र असेल तर साचा लागतो. तिथे घाई करण्यापेक्षा तयार काच मिळेपर्यंत थांबणे बरे.

बसवणे हेही हुनराचेच काम आहे. जुना रबर कडक झालेला असेल तर तो फेकायचा, त्याच्या ताणाने नवी काच तडकते. चौकटीच्या पत्र्यावरचा गंज घासून, प्रायमर मारून, रंग वाळू द्यायचा. मग काचेभोवती रबर चढवायचा, त्याच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचे पाणी लावायचे. एक जण बाहेरून तळव्याने दाबतो, दुसरा आतून दोरी हळूहळू ओढतो, तसतशी रबराची कड पत्र्यावर चढते. कोपऱ्याशी जोर लावला की काच गेली! गंज झाकायला वरून सिलिकॉन भरणारे पुष्कळ आहेत. पाणी आत अडकते आणि काही पावसाळ्यांत पत्रा कुजतो.

‘गाडी ओरिजिनल राहिली पाहिजे,’ हा मालकांचा आवडता मुद्दा. 2021 मध्ये आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमात 50 वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असावी, असे म्हटले आहे. पण बदल म्हणून त्यात नावे आहेत ती चॅसिस, बॉडी आणि इंजिनाची. सुरक्षित काच लावल्याने गाडीचे जुनेपण जात नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. माझ्या वर्गातल्या अनेक मुलांचे अब्बा गॅरेजमध्ये काम करतात. पालकांच्या रकान्यात काही मुले नुसते ‘मजुरी’ लिहितात. ज्याला कोणती काच कुठे आणि का, हे कळते, त्याला मजूर म्हणायचे? हे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडीच जाते आणि नवे शागिर्द कमी होत चालले आहेत. ते उर्दूत आणि मराठीत लिहिले गेले पाहिजे, चित्रांसह, साध्या भाषेत. शाळेतल्या प्रकल्पासाठी मुलांनी आपल्याच अब्बांची मुलाखत घेतली, तरी सुरुवात होईल.

मालकांना एक विनंती. कोणती काच बसवली, ते पावतीवर लिहून घ्या आणि भाव करताना त्या माणसाच्या नकाराचीही किंमत धरा. स्वस्त काचेला ‘हो’ म्हणणारा मिस्त्री कुठेही मिळेल. ‘ही काच मी लावणार नाही’ म्हणणारा भेटला, तर त्याच्याकडेच गाडी द्या.