मूळ प्रतीचा हट्ट

जुन्या मोटारींच्या शौकीन मंडळींत एक शब्द हल्ली फार माजला आहे. 'ओरिजिनल'! गाडी ओरिजिनल आहे का? रंग कारखान्यातलाच आहे का? इंजिनावर ठोकलेला नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का? नसेल जुळत तर गाडी बाटली. 'बाटली' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण या सगळ्या प्रकाराला मला सोवळ्याओवळ्याचाच वास येतो. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात जे नियम होते, तेच आता गॅरेजात आलेले दिसतात.

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुमचा इथे काय संबंध? जन्मभर सायकल दामटली, उतारवयात एक स्कूटर घेतली, तीही आता पुतण्या चालवतो. कबूल. पण माझा एक जुना विद्यार्थी गेली वीसेक वर्षं इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या आसपास असतो. यंत्रांतला माणूस. त्यानं १९७२ सालची एक एमजीबी विकत घेतली आणि तीन वर्षं रात्री आणि रविवार घालवून ती उभी केली. दर पंधरा दिवसांनी मला फोटो यायचे आणि मग फोनवर शंकासमाधान चालायचं. म्हणजे शंका माझ्या, समाधान तो करायचा. (शाळेत हे उलट होतं. असो.) गेल्या उन्हाळ्यात तो ती गाडी एका मेळाव्याला घेऊन गेला. तिथल्या एका जाणत्या गृहस्थांनी बॉनेट उघडायला लावलं, दोन मिनिटं आत पाहिलं, खाली वाकून गिअरबॉक्स पाहिला आणि म्हणाले, "काम सुबक आहे. पण ही आता एमजी राहिली नाही."

हे गृहस्थ स्वतःची गाडी ट्रेलरवर लादून घेऊन आले होते. माझा विद्यार्थी सव्वाशे मैल ती चालवत आला होता, शेजारी बायको बसवून.

त्यानं काय पाप केलं होतं ते सांगतो. चार गिअरच्या जागी पाच गिअरचा बॉक्स बसवला, कारण आजच्या मोटरवेवर चार गिअरनं इंजिन ताशी सत्तर मैलांना नुसतं बोंबलत राहतं. इग्निशन इलेक्ट्रॉनिक केलं. आपोआप आवळणारे सीटबेल्ट लावले. आणि ब्रेकचं तेल एका वाटेऐवजी दोन वाटांनी नेलं. त्या काळी ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या एमजीबीत ही वाट एकच असायची. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. गंमत म्हणजे त्याच कारखान्यातून अमेरिकेला जाणाऱ्या एमजीबीला १९६८ पासूनच दोन वाटा होत्या, कारण तिथला कायदा तसा होता. म्हणजे अमेरिकन गिऱ्हाइकाचा जीव वाचवायची जी सोय कारखान्यानं स्वतः केली, तीच घरच्या माणसानं केली की गाडी बाटते!

आता ही एमजी म्हणजे तरी काय, ते पाहू. ऑक्सफर्डला विल्यम मॉरिसचं मॉरिस गॅरेजेस नावाचं दुकान होतं. त्याच्या आद्याक्षरांवरून एमजी. १९२० च्या दशकात तिथला व्यवस्थापक होता सेसिल किंबर. यानं काय केलं? मॉरिसच्या साध्या, घरगुती, पोटापाण्याच्या गाड्या घेतल्या, त्यांच्यावर देखणे सांगाडे चढवले, इंजिनं जरा खुलवली, बसणी खाली आणली आणि त्या चपळ गाड्या म्हणून विकल्या. बस्स! एमजी हे नावच मुळात फेरफारातून जन्मलेलं आहे. त्या दिवशी ऑक्सफर्डात आमचे ट्रेलरवाले गृहस्थ असते तर किंबरला म्हणाले असते, 'काम सुबक आहे, पण ही आता मॉरिस राहिली नाही.' आणि गोष्ट तिथेच संपली असती. (बिचारा किंबर १९४५ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात आगगाडीच्या अपघातात गेला. आयुष्यभर वेगवान मोटारी केल्या आणि मृत्यू आला तो रेल्वेच्या डब्यात.)

पुढचीही गोष्ट तशीच. एमजीबी १९६२ साली आली आणि १९८० साली ॲबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत निघत राहिली. पाच लाखांवर गाड्या झाल्या. इंजिन १७९८ सीसीचं, लोखंडी, भक्कम, पण चपळाईत मध्यम. ७० च्या दशकाच्या सुरुवातीला केन कॉस्टेलो नावाच्या एका माणसानं या गाडीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवून दाखवलं. सिलिंडर दुप्पट, पण ॲल्युमिनियममुळे गाडीचं नाक जड झालं नाही. लोक त्याच्याकडे जाऊ लागले. तेव्हा मूळ कंपनी जागी झाली आणि १९७३ साली तिनं स्वतःच एमजीबी जीटी व्ही-एट बाजारात आणली. १९७६ पर्यंत त्या २५९१ निघाल्या. आज या गाड्यांना मोठा मान. म्हणजे कॉस्टेलोनं केलं तेव्हा फेरफार, कंपनीनं तेच केलं की 'ओरिजिनल'. आता सांगा, यात तत्त्व कुठे आहे? मला तर यात फक्त शिक्का दिसतो.

उलट कारखान्यानं केलेलं सगळंच चांगलं असतं असंही नाही. १९७४ च्या शेवटी अमेरिकेच्या नियमांसाठी याच गाडीला काळे रबरी थोराड बंपर लावले आणि तिची उंची इंच-दीड इंचानं वाढवली. गाडी वळणावर झुकायला लागली. हे अगदी ओरिजिनल हं! कित्येक मालक तेव्हापासून ते बंपर काढून जुने चकचकीत बंपर बसवतात, गाडी पुन्हा खाली आणतात. कारखान्याची चूक मालकानं दुरुस्त केली तर त्यात बाटण्यासारखं काय आहे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि मूळ राखायचं म्हटलं तरी राखणार काय? पेट्रोलच मूळचं उरलेलं नाही. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते व्हॉल्व्हच्या बैठकांना सांभाळायचं. २००० सालाच्या तोंडावर ब्रिटनमधल्या पंपांवरून शिसं गेलं, आपल्याकडेही २००० सालीच गेलं. तेव्हापासून हेड उतरवून कडक पोलादाच्या बैठका बसवून घेणं आलं. २०२१ पासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याकडे तर वीस टक्के. जुन्या रबरी नळ्या आणि सील त्यानं खराब होतात, म्हणजे त्याही बदलल्या. ब्रेकच्या पॅडांतलं ॲस्बेस्टॉस बंद झालं, टायर नवे आले. म्हणजे ट्रेलरवरून उतरलेल्या त्या गाडीतही मूळ काय ते कातडी आसनं आणि मालकाचा तोरा!

खरं काम कुठे असतं ते माझ्या विद्यार्थ्यानं मला फोटो काढून दाखवलं. या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. त्यातून उघडी गाडी, डोक्यावर छप्पर नाही. त्यामुळे दारांच्या खाली जे लांब पोकळ उंबरे असतात (त्यांना सिल म्हणतात) त्यांच्यावर गाडीचा जीव असतो. ते आतून गंजतात, बाहेरून कळतही नाही. चलाख विक्रेता काय करतो, तर गंजक्या सिलवर नव्या पत्र्याचं नुसतं झाकण वेल्ड करतो आणि वरून रंग मारतो. रंगाचा क्रमांक मात्र कारखान्याचा, अगदी बरोबर! नीट काम करायचं तर पुढच्या मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो, कारण सिल त्याच्या आतपर्यंत गेलेलं असतं. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, खालची पट्टी, तिन्ही थर बदलावे लागतात. आणि कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार जोडून घ्यावा लागतो, नाहीतर गाडी मधोमध खचते आणि दार पुन्हा कधी लागत नाही. या एका कामाला त्याचा अख्खा हिवाळा गेला. मेळाव्यातल्या त्या जाणत्यानं सिलकडे ढुंकून पाहिलं नाही. गाडीच्या आतला प्रामाणिकपणा त्याच्या वहीत बसत नव्हता.

आणखी एक विसंगती. याच एमजीबीचे संपूर्ण नवे सांगाडे १९८८ पासून मिळतात. जुने साचे शोधून, त्यांतून ठोकून ब्रिटिश मोटर हेरिटेज ते तयार करते. जुन्या गाडीतले जोडभाग त्यात बसवले की पत्र्याचा तुकडा न् तुकडा नवा असूनही गाडी जुनी, मानाची. त्याला फारशी कुणाची हरकत नाही. पण एक गिअर जास्त झाला की धर्म बुडाला.

मी जन्मभर मराठी शिकवलं, तेव्हा माझं मन अशा वेळी पोथ्यांकडे जातं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. लोकांनी मधेमधे घुसडलेलं काढून टाकलं आणि पुढे कुणी भर घालू नये म्हणून तंबी दिली. कुणी म्हणेल, मास्तर, हे तर तुमच्याच विरुद्ध जातं! नाही जात. पोथी एकमेव असेल, तर तिच्यावर कुणी लेखणी उचलू नये. फेरारी २५० जीटीओ अवघ्या ३६ झाल्या, त्यांना कुणी करवत लावू नये, तिथे मी ट्रेलरवाल्यांच्या बाजूला बसेन. पण एमजीबी ही पोथी नव्हे, ते लाखो प्रतींनी छापलेलं पुस्तक आहे. स्वतःच्या प्रतीच्या समासात पेन्सिलीनं टीप लिहिणारा वाचक ग्रंथाचा शत्रू असतो का? उलट तोच खरा वाचणारा. फक्त पेन्सिलच हवी, शाई नको. माझ्या विद्यार्थ्यानं जुना गिअरबॉक्स तेल लावून, कापडात गुंडाळून, फळीवर ठेवला आहे. उद्या त्याच्या नातवाला मूळ पाठ हवा असेल तर एका शनिवार-रविवारात परत बसेल.

शाईवाले मलाही चालत नाहीत. साठ वर्षं न कापली गेलेली, पहिल्या रंगातली गाडी सापडली आणि तिचे मडगार्ड फाडून रुंद टायर घुसवले, हे मला पुस्तकाची पानं फाडण्यासारखं वाटतं. इंजिन भंगारात देऊन विजेची मोटर बसवणं हेही तसंच. जॅग्वारनं २०१७ साली विजेवरची ई-टाइप दाखवली, पुढच्या वर्षी राजपुत्राच्या लग्नातही ती मिरवली. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फीवा हिनं २०१९ साली सांगितलं की अशा गाड्यांना ऐतिहासिक म्हणता येणार नाही, बदल परत फिरवता येण्याजोगा असेल तर गोष्ट वेगळी. मला हे पटतं. खोटे नंबर ठोकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, तो सरळ फौजदारीचा विषय.

सोवळेवाल्यांसाठी अजून एक बातमी आहे. अमेरिकेतलं पेबल बीचचं प्रदर्शन म्हणजे या मंडळींची पंढरी. तिथे २०२४ साली पहिल्यांदाच जशीच्या तशी जपलेल्या गाडीला सर्वोच्च मान मिळाला. १९३४ सालची बुगाटी टाइप ५९. सगळ्यांनी 'जपणुकीचा विजय' म्हणून टाळ्या वाजवल्या. त्या गाडीचं चरित्र वाचा जरा. ती जन्मली शर्यतीची ग्रां प्री गाडी म्हणून, बेल्जियमची शर्यत तिनं जिंकली. मग खुद्द बुगाटीनंच फेरफार करून तिची स्पोर्ट्स गाडी केली आणि नंतर ती बेल्जियमच्या राजाकडे गेली. म्हणजे जे जपलं गेलं, ज्याला मान मिळाला, ते मूळ रूप नव्हतंच!

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर थांबा. आपल्या ॲम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं इंजिन धडधडत होतं, ते आणि एमजीबीचं इंजिन एकाच घराण्यातलं. एमजीबीच्या आधीच्या एमजीए गाडीत तर १९५५ साली तेच १४८९ सीसीचं होतं. आपण सगळे लग्नाच्या वऱ्हाडात त्याच इंजिनामागे दाटीवाटीनं बसलेलो आहोत, फक्त आपल्याला ठाऊक नव्हतं.

आणि २०२१ साली आपल्या सरकारनंही व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, 'मूळ स्वरूपात' हवी, चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. आणि एवढं करून गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणजे ट्रेलरवाल्यांचा धर्म आता राजपत्रात आला.

माझा राग इथे आहे. आपल्याकडे परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद होती, सुटे भाग स्वप्नातही मिळत नव्हते, त्या काळात जुन्या विलायती गाड्या जगल्या कशा? गल्लीबोळातल्या मिस्त्रींनी जगवल्या. कुणाच्या पोटात ॲम्बॅसडरचं इंजिन घातलं, कुणाच्या फियाटचं, कुणाला डिझेलवर आणलं. लेथवर बुश कातले, हातानं पत्रा ठोकला. त्यांचे हात लागले नसते तर त्या गाड्या कधीच भंगारात गेल्या असत्या आणि 'मूळ स्वरूप' मोजायला कुणी उरलंच नसतं. आपल्या देशातल्या जुन्या मोटारींचा खरा इतिहास या बदललेल्या इंजिनांत आहे. नियम लिहिणाऱ्यांनी नेमका तोच अपात्र ठरवला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या मिस्त्रीनं इंजिन बदलून वाचवलेली गाडी आज कुणी नोंदणीला नेली, तर अर्जातल्या 'मूळ स्वरूप' या शब्दांपुढे त्या मालकानं काय लिहायचं, हे परिवहन खात्यानं एकदा जाहीर सांगावं.