पंक्चर काढत बसशील!

दहावीच्या परीक्षा जवळ आल्या की आपल्याकडे घराघरांत एक वाक्य ऐकू येऊ लागतं. "अभ्यास कर, नाहीतर पंक्चर काढत बसशील!" आई म्हणते, मामा म्हणतो, शिकवणीचे सर म्हणतात. निवडणुकीत एका उमेदवाराला दुसऱ्याची लायकी काढायची असली की तिथेही हेच पंक्चरचं दुकान कामाला येतं. मंडळी, मला हे वाक्य असभ्य वाटतं. शिवी म्हणून तर असभ्य आहेच, पण ज्या कामाला आपण हसतो ते बोलणाऱ्याला स्वतःला येत नसतं, म्हणून अधिकच.

मी कला शाखेचा पदवीधर, सरकारी खात्यात कारकून. माझ्या मोटरसायकलचे टायर मी घरीच बदलतो. पहिल्यांदा अंगणात चाक खोलून बसलो तेव्हा शेजारचे काका कुंपणापाशी येऊन म्हणाले, "कितें रे, मेकॅनिक मेळ्ळो ना?" त्यांच्या स्वरात कीव होती. हाच मी अंगणात गुलाबाला कलम बांधत असतो तर काकांनी कौतुक केलं असतं. बागकाम म्हणजे छंद, आणि टायर बदलणं म्हणजे वाईट दिवस आले! हा फरक कुठून आला? हात दोन्हीकडे मळतात. पण माती आपल्याला चालते, ग्रीस चालत नाही. कारण ग्रीसला कुणाची तरी जात आणि कुणाचा तरी वर्ग चिकटलेला आहे, हे आपण मोकळेपणाने कबूल करत नाही एवढंच.

हे काम मी शिकलो ते गोव्यात नव्हे, तर मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, लामता या गावी. माझ्या साडूचे थोरले बंधू तिथे शिक्षक आहेत, त्यांच्याकडे लग्नाला गेलो होतो. गोंदियाहून बालाघाट आणि तिथून नैनपूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं हे गाव. पूर्वी इथे छोट्या रुळांची गाडी होती, आता ब्रॉडगेज आहे. नागपूरकर भोसल्यांचा हा जुना मुलूख. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. पण घरात मराठी, पोवारी, हिंदी असं सगळं चालतं. जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग जंगल. अशा रस्त्यावर संध्याकाळी चाक बसलं तर कुठला मेकॅनिक येणार? मास्तरांच्या गाडीच्या डिकीत दोन लोखंडी पट्ट्या, पाना, हातपंप आणि ठिगळाची डबी कायमची असते.

लग्नाच्या आदल्या दिवशी मास्तरांनी अंगणात गाडी मधल्या स्टँडवर चढवली आणि मला म्हणाले, "या पाहुणे, बसा, मागचा टायर बदलून टाकू." कॉलेजात जाणारी मुलगी पाने द्यायला बसली. ब्रेकचा रॉड सोडवला, एक्सलचा नट काढला, चाक बाहेर आलं. वॉल्व्हमधली पिन काढून सगळी हवा सोडली. मास्तर टायरच्या कडेवर उभे राहिले आणि ती रिमपासून सुटली. मी पट्टी घालून जोर लावू लागलो, तेव्हा त्यांनी हात धरला. "जोर नाही लावायचा, भाऊजी. समोरची कड आधी खाली दाबा."

इथे त्या कामातली गंमत आहे, आणि ती कळल्यावर मी पट्टी खाली ठेवून नुसता बघत राहिलो. टायरच्या कडेत पोलादी तार असते. ती ताणली जात नाही, कितीही ताकद लावा. मग रिमच्या काठापेक्षा लहान असलेली ती कड काठावरून बाहेर येते कशी? तर रिमच्या मधोमध खोलगट पन्हळ असते. एका बाजूची कड त्या पन्हळीत दाबून बसवली की समोरच्या बाजूला तेवढी ढील मिळते, आणि पट्टी सहज फिरते. भूमिती आहे ही! कोपरावर घाम येत असेल तर समजावं की कड पन्हळीतून वर सरकली आहे. नवा टायर चढवतानाही तसंच. कडेला साबणाचं पाणी, टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला, ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरून घ्यायची म्हणजे ती मुडपत नाही आणि पट्टीखाली चिमटत नाही, आणि शेवटची कड वॉल्व्हच्या बाजूला बसवायची. जुन्या टायरच्या आतून हात फिरवून काटा, खिळा शोधायचा तो वेगळाच. चाक परत बसवल्यावर चेनची ढील आणि ब्रेक तपासायचा. मुलीने ब्रेक दाबून पाहिला आणि सांगितलं, "बाबा, अर्धा आटा अजून." त्या अंगणात कुणाचंही काही खाली आलं नाही. मास्तर हात धुऊन जेवायला बसले.

आता इतिहासही जरा बघा. सुरुवातीचे हवेचे टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर झालं की डिंक सुकेपर्यंत तासन्‌तास खोळंबा. १८८९ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावी एका सायकलस्वाराचा असाच टायर मिशलँ बंधूंच्या कारखान्यात आला. तो दुरुस्त करताना झालेल्या त्रासातून त्यांनी काढता-घालता येणारा टायर तयार केला, आणि १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ तो वापरून पहिला आला. म्हणजे काढता येणारा टायर हा जन्मालाच आला तो चालवणाऱ्याला रस्त्याच्या कडेला स्वतःच तो काढता यावा म्हणून. आणि आपण त्याला हात लावणं कमीपणाचं मानतो.

फ्रान्स कशाला, शेजारचं बेळगाव घ्या. १८८८ मध्ये तिथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचं दुकान काढलं. सायकली विकायच्या, दुरुस्तही करायच्या. त्यातून पुढे कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. आणि त्याच किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिकं निघाली, जी वाचून आपल्या आजी-आजोबांची पिढी शहाणी झाली. मराठी संस्कृतीवर व्याख्यानं देणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं. त्या मासिकांच्या मुळाशी एक सायकल दुरुस्तीचं दुकान आहे!

गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली, हातकामातून शिक्षण. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला. आपण त्याचं काय केलं? थर्माकोलचं घर आणि क्रेप कागदाची फुलं. तीही बऱ्याचदा आईने रात्री जागून केलेली.

माझ्या कचेरीतले एक स्नेही यावर म्हणतात, "अरे, त्या पंक्चरवाल्याच्या पोटावर कशाला पाय देतोस?" मुद्दा वरवर बरा दिसतो. पण घरात भात शिजतो म्हणून खाणावळी बंद पडल्या का? मी आजही रस्त्यात, ऑफिसच्या कपड्यांत, पावसात अडकलो तर त्याच्याकडेच जातो. ट्यूबलेस टायर असेल तर खिळ्याच्या भोकात रबराची वात घरीही भरता येते, पण आख्खा टायर बदलायला दुकानातलं यंत्रच बरं, त्याची कड रिमवर फार घट्ट बसते. फरक एवढाच की आता मी त्याच्याशी दहा रुपयांवरून हुज्जत घालत नाही, कारण त्या दहा रुपयांत काय आहे ते मला ठाऊक आहे. आणि एखादा दुकानदार न बघताच "ट्यूब गेली" म्हणाला, तर पाण्यात बुडवून दाखव असंही सांगू शकतो. गरिबाची काळजी वाहणारे हे स्नेही, बाय द वे, गॅरेजवाल्याला वयाने मोठा असला तरी "अरे तू" म्हणूनच बोलतात.

दुसरा आक्षेप वेळेचा. रविवारची सकाळ टीव्हीपुढे घालवणाऱ्यांना मी यावर उत्तर देत नाही.

सुरक्षेचं मात्र सांगायलाच हवं. दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरच्या खाली गेली की तो कायद्याने बाद होतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हे आपल्यापैकी किती पदवीधरांना वाचता येतं? गोव्याचा पाऊस, उतरणीचे रस्ते, मागे बायको किंवा मूल, आणि खाली गुळगुळीत टायर! शिकलेला कोण आणि अडाणी कोण, ते तुम्हीच ठरवा.

शाळांना फार काही करावं लागणार नाही. भंगारातलं एक चाक, दोन पट्ट्या, एक पंप, बादलीभर साबणाचं पाणी. व्हरांड्यात मावेल एवढाच पसारा. नववीच्या वर्गात कार्यानुभवाच्या दोन तासिका, मुलगे-मुली दोघांनाही. आणि शिकवायला नाक्यावरच्या पंक्चरवाल्यालाच बोलवावं, रीतसर मानधन देऊन, खुर्चीवर बसवून, मुलांनी त्याला 'सर' म्हणावं. "अभ्यास कर, नाहीतर..." म्हणणाऱ्या पालकांनाही त्या दिवशी मागच्या बाकावर जागा ठेवावी.