मोबाईलवरचा पाठ आणि सलाईनचे थेंब

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि नर्सिंगचे वर्ग मोबाईलवर भरू लागले. टाळेबंदी उठली, तरी ही सवय पुरती गेलेली नाही. मोबाईलवर शिकण्यात वाईट काही नाही. पण शिक्षिकेने पडद्यावरची पाने वाचून दाखवायची आणि मुलींनी हजेरीपुरते बसायचे, याला शिकणे म्हणत नाहीत. उद्या यांतलीच एखादी आपल्या उशाशी उभी राहणार आहे, तेव्हा हा प्रश्न वाचकांचाही आहे.

आमचे मत असे, की अशा पाठात शिक्षिकेने कमी बोलावे आणि विद्यार्थिनींना करायला जास्त द्यावे. समजा, रुग्णाला ५०० मिलिलिटर सलाईन ८ तासांत द्यायचे आहे आणि नळी २० थेंबांना एक मिलिलिटर सोडणारी आहे. मिनिटाला थेंब किती? उत्तर सांगण्याआधी प्रत्येकीने ते लिहून पाठवावे. एकूण १०,००० थेंब, ४८० मिनिटे, म्हणजे मिनिटाला साधारण २१. पण इथे थांबू नये. घड्याळ समोर ठेवून त्या गतीने बोटाने टेबलावर टकटक करायला लावावी. सुमारे तीन सेकंदांना एक. ही लय बोटात बसली, की वॉर्डात भरधाव चाललेले सलाईन लांबूनही खटकते. तेच सलाईन तासाभरात गेले, तर हृदय कमकुवत असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या फुप्फुसात पाणी साचून दम लागू शकतो.

श्वास मोजण्याचेही तसेच. खोकणाऱ्या बाळाची चित्रफीत दाखवावी आणि पूर्ण मिनिटभर श्वास मोजायला लावावेत. आकडे वेगवेगळे येतील, आणि खरा पाठ तिथूनच सुरू होईल. दहा महिन्यांच्या बाळात ४८ आणि ५२ हा फरक क्षुल्लक नाही. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका.

इंजेक्शन मोबाईलवर शिकवले, असे मात्र कोणी सांगू नये. त्याला पुतळा हवा, वॉर्ड हवा, शेजारी अनुभवी सिस्टर हवी.

खेड्यातल्या घरात कधी एकच मोबाईल असतो आणि रेंजचा भरवसा नसतो. म्हणून पाठ वीस मिनिटांत आटपावा आणि गृहपाठ मोबाईलवाचून होणारा द्यावा. घरातल्या आजोबांचे श्वास मोजून आणावेत. पण त्यांना न सांगता! मोजताहेत हे कळले, की माणूस श्वास वेगळाच घेतो. नाडी बघण्याच्या निमित्ताने मनगट धरावे आणि नजर छातीवर ठेवावी.