नौकेची हौस आणि तिची निगा

एके काळी समुद्रयान हे कलिवर्ज्यात गणले जात असे, आणि विलायतेहून परतलेल्या तरुणास पंक्तीस घ्यावे की आधी प्रायश्चित्त द्यावे, यावर आपल्या घराण्यांतून आठवडेच्या आठवडे खल होई. त्याच घराण्यांतील पणतू आज आम्हास विचारतात, की कुटुंबाकरिता एक लहानशी मोटरनौका घ्यावी काय? धरमपेठेतील एका एकत्र कुटुंबाचे असे पत्र आमच्यासमोर आहे. तिघे बंधू, त्यांची मुले-सुना, आणि सर्वांचा मिळून एक निधी. निमित्त उघड आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्ग अखेरच्या टप्प्यासह खुला झाला आणि ७०१ किलोमीटरांचा तो रस्ता नागपुराहून थेट मुंबईच्या वेशीपर्यंत जाऊन भिडला. समुद्र आठ तासांवर आला, तेव्हा नौका का नसावी, असा हा सरळ हिशेब.

हौसेस आमचा विरोध नाही. कुटुंबातील लहानथोरांनी चार दिवस एकत्र पाण्यावर काढावेत, यासारखा आरोग्यदायी विहार दुसरा नाही. परंतु नौका विकत घेणे ही एका दिवसाची गोष्ट आहे आणि ती सांभाळणे ही वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांची. पत्रात पहिल्या दिवसाविषयी पुष्कळ लिहिले आहे. उरलेल्यांविषयी एक अक्षर नाही. म्हणून आम्ही त्यांविषयीच लिहितो.

ज्या नौकेचे चित्र पत्रासोबत आले आहे, तिला स्पोर्ट्स क्रूझर म्हणतात. फायबरग्लासची, पंचवीस फुटांच्या आसपास लांबीची, पुढे दोघांना निजता येईल एवढी कोठडी, मागे उघडी बैठक, आणि शेपटाशी पेट्रोलचे इंजिन. वेगात ही पाण्यावर उचलली जाऊन धावते, व तेथेच तिचा खर्च आहे. दोनशे-अडीचशे अश्वशक्तीचे इंजिन अशा चालीत तासाला ४० ते ५० लिटर पेट्रोल सहज पिते. नौका बाळगणाऱ्यांत असा एक ठोकताळा रूढ आहे, की किमतीच्या दहावा हिस्सा दर वर्षी निगेस बाजूला काढावा. जुनी नौका स्वस्त मिळाली तर हा हिस्सा कमी होतो असे समजू नये. तो बहुधा वाढतो.

आता दिवस मोजावे. जून ते सप्टेंबर आपला पश्चिम समुद्र लहान नौकांस बंद. नारळी पौर्णिमेस कोळी बांधव सागराला नारळ अर्पण करतात तो रिवाज नव्हे, अनुभव आहे. राहिलेल्या आठ महिन्यांत मुलांच्या परीक्षा, घरची लग्नकार्ये, श्राद्धपक्ष, कचेऱ्यांच्या रजा हे सर्व वजा केल्यावर नागपूरच्या कुटुंबास दिवाळीत चार आणि मे महिन्यात पाच-सहा दिवस लाभले तरी पुष्कळ. म्हणजे दहा दिवसांच्या विहारासाठी नौका मुंबई बंदरात अथवा पलीकडे मांडव्यास परक्याच्या नजरेखाली वर्षभर उभी राहणार.

आणि खारे पाणी उभ्या नौकेवर अधिक रागावते. तळास शेवाळ व शिंपीसारखे कवचाचे जीव चिकटतात. ते खरवडून दर वर्षी विशिष्ट रंग द्यावा लागतो, नाही तर वेग घटतो व पेट्रोल वाढते. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात जवळ आले म्हणजे विजेच्या घटासारखी क्रिया चालू होऊन त्यांतील एक झिजू लागतो. पंखा आणि इंजिनाचा पाय झिजू नये म्हणून तेथे जस्ताचे ठोकळे बसवितात. ते स्वतः झिजून बाकीच्यांस वाचवितात. अर्धे झिजले की ते बदललेच पाहिजेत. गोड्या पाण्यात मात्र जस्त नीट काम करीत नाही, तेथे मॅग्नेशियम लागते. तेव्हा आज समुद्रात आणि उद्या तलावात अशी नौका फिरविणाराने हे ध्यानी घ्यावे. इंजिन थंड ठेवण्यास बाहेरचे पाणी खेचणाऱ्या पंपात एक रबरी चक्र असते. किंमत किरकोळ, परंतु ते फाटले की हजारोंचे इंजिन काही मिनिटांत तापून बसते. ते दर वर्षी बदलावे. इंजिनाचा पाय जेथे नौकेतून बाहेर पडतो तेथील रबरी भाता तर याहून महत्त्वाचा. तो चिरला की पाणी आत येते आणि उभी नौका गुपचूप बुडते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर प्रत्येक वेळी इंजिनातून गोडे पाणी फिरविणे हे वेगळेच. नागपुरात आणून ठेवू म्हणाल, तर वैशाखातले पंचेचाळीस अंशांचे ऊन रबर कडक करते, आसने तडकविते आणि फायबरग्लासची चकाकी पिठासारखी उडवते.

पेट्रोलाविषयी थोडे अधिक सांगणे अगत्याचे आहे, कारण येथे केवळ पैशाचा प्रश्न नाही. आजकाल आपल्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल शोषते. ती मर्यादेबाहेर गेली की पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच घेते. मोटारगाडीची टाकी आठवड्यात रिकामी होते म्हणून तेथे हे जाणवत नाही. महिनोन् महिने उभ्या नौकेत जाणवते. दुसरे असे, की पेट्रोलाची वाफ हवेहून जड असल्याने नौकेच्या पोटात साचून राहते. यास्तव इंजिन चालू करण्यापूर्वी झाकण उघडून वास घ्यावा, चार मिनिटे वायुवीजनाचा पंखा चालवावा, मगच किल्ली फिरवावी. खंडेनवमीस इंजिनाला झेंडूची माळ घालणारी आणि त्याचे तेल मात्र दोन वर्षे न पाहणारी घरे आम्हास ठाऊक आहेत. माळ अवश्य घालावी, तेलही पाहावे.

एकत्र कुटुंबात सर्वांच्या मालकीची वस्तू कोणाच्याच काळजीची नसते, हे आमच्या वाचक भगिनींस सामाईक पाटा-वरवंट्यावरून चांगले माहीत आहे. हिशेब कोणाचा, किल्ली कोणाकडे, दर महिन्याला जाऊन पाहणार कोण, हे निधी काढण्यापूर्वी कागदावर येऊ द्यावे. तो मनुष्य वडीलच असला पाहिजे असे नाही. पत्रात एक सून यंत्रशास्त्राची पदवीधर असल्याचा ओझरता उल्लेख आहे. आमच्या मते किल्ली तिच्याकडे द्यावी. सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली २०१७-१८ साली ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेथे नादुरुस्त भाग उघडून पाहण्यास कोणी पुरुष येणार नव्हता.

त्याहूनही बोधप्रद कथा ‘म्हादेई’ची आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ही ५६ फुटांची नौका बांधली गेली आणि कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली तीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळविला. त्यांचे धाडस सर्वत्र गाजले. परंतु नौका बांधली जात असता ते स्वतः कारखान्यात होते व तिचा सांधा न् सांधा त्यांच्या हाताखालून गेला होता, ही गोष्ट फार थोड्यांच्या स्मरणात आहे. भर समुद्रात मिस्त्री बोलाविता येत नाही.

आमच्या विदर्भास पाण्याने दिलेले तडाखेही विसरता येत नाहीत. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळ वेणा धरणात सहलीस गेलेल्या तरुणांचा डोंगा उलटून कित्येकांचे प्राण गेले. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि नात्यागोत्यातील अकरा माणसे गेली. दोन्ही ठिकाणी समुद्र नव्हता, तुफान नव्हते, काठ दिसत होता. म्हणून नौकेवर जितकी माणसे तितकी लाइफ जॅकेटे, ती अंगात घातलेली, आणि मुलांची मुलांच्या मापाची. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून वर निसटते. आजीबाईंनी नको म्हटले तरी त्यांनाही घालावे, व नेसूचा घोळ आवरून बांधावा. निधीतील पहिली खरेदी हीच असावी, आणि दुसरी म्हणजे घरातील प्रत्येकास पोहणे शिकविण्याची फी.

तर मग आमचा सल्ला? समुद्रावरची क्रूझर आज घेऊ नये. तिच्या पहिल्या वर्षाच्या निगेच्या रकमेत चौदा-पंधरा फुटांची उघडी नौका, वल्ह्यांची जोडी व काढता-घालता येणारे लहान इंजिन ट्रेलरसह येऊ शकेल. रामटेकच्या खिंडसी तलावावर सकाळी निघून सायंकाळी परत येता येते. तेथे वा अन्यत्र जलाशयाच्या मालक खात्याची परवानगी आधी घ्यावी. यांत्रिक नौकेची नोंदणीही लागते. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा आला आहे, त्याचे नियम पाहावेत. दोन हिवाळे अशी नौका चालविल्यावर तिघांपैकी कोणाचा उत्साह तेलकट हातांनंतरही टिकतो हे आपोआप कळेल. मग दर्यावरच्या नौकेचा विचार जरूर करावा, आणि आम्हास पुन्हा लिहावे.

एक बारीक गोष्ट राहिली. ट्रेलरवरच्या नौकेच्या तळाशी पाणी काढून टाकण्यासाठी भोक असते व त्याला बूच. घरी आणल्यावर ते बूच काढून ठेवतात, आणि पुढच्या खेपेस न लावताच नौका पाण्यात उतरविली जाते. हा प्रकार जगभर नित्य घडतो. बूच काढले की ते इंजिनाच्या किल्लीच्याच दोरीस बांधून ठेवावे.